हार्मोनआधीच्या गोळ्या: डीएचईए, प्रेग्नेनोलोन, डी३ पोटात गेल्यावर कशात बदलतात आणि निवड कशी करायची

आठवड्यातून एकदा दुधातून घ्यायचं ‘साठ हजारांचं पाकीट’ आता बहुतेक घरांत माहीत झालंय. त्यातलं व्हिटॅमिन डी३ स्वतः फारसं काही करत नाही. यकृत आणि मूत्रपिंड मिळून त्याचं हार्मोन करतात, तेव्हा ते कामाला लागतं. आयव्हीएफ केंद्रातून लिहून मिळालेली डीएचईएची (ॲड्रिनल ग्रंथीत बनणाऱ्या एका स्टेरॉइडची) कॅप्सूल, जिममध्ये हातात ठेवलेला ‘टेस्टो बूस्टर’चा डबा, झोपेसाठी ऑनलाइन मागवलेलं ५-एचटीपी, रजोनिवृत्तीसाठीचं ‘वाइल्ड याम’ क्रीम ही सगळी एकतर याच जातीची, नाहीतर आपण त्या जातीचे आहोत असं सांगणारी. यांना पूर्वद्रव्यं म्हणतात. हार्मोन तयार होण्याआधीचा हा कच्चा माल.

दुकानात यांची तुलना किंमत आणि मिलिग्रॅम बघून होते. ती तुलना निरुपयोगी आहे. पूर्वद्रव्याचं पुढे काय होणार हे गोळी ठरवत नाही, ते तुमच्या शरीरातली एन्झाइम्स, म्हणजे एका द्रव्याचं दुसरं करणारी प्रथिनं, ठरवतात. बाई आणि पुरुष, पंचवीस आणि पासष्ट, सडपातळ आणि पोट सुटलेला, गोळी गिळणारा आणि औषध त्वचेतून घेणारा, प्रत्येकात ती वेगळं ठरवतात. म्हणून निवड करताना आधी वाट समजून घ्यायची आणि मग गोळीकडे बघायचं. लेख वाचून लगेच काही सुरू करू नका. तो हाताशी ठेवून डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारा.

पहिली पायरी: गोळी कशासाठी हवी आहे?

कागदावर एका वाक्यात लिहा. ‘थकवा येतो’, ‘झोप लागत नाही’, ‘इच्छा कमी झाली’, ‘स्नायू वाढवायचेत’, ‘अंडी कमी आहेत असं डॉक्टर म्हणाले’. हे वाक्य महत्त्वाचं, कारण यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ हार्मोनच्या पूर्वद्रव्यात नसतं. थकव्यासाठी आधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, टीएसएच (थायरॉइड) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) बघायला हवं. शाकाहारी घरांत बी१२ कमी निघणं अगदी नेहमीचं आहे. रात्री जोरात घोरणाऱ्या आणि दिवसा पेंगणाऱ्या माणसाचं टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं, तर आधी झोपेत श्वास अडतो का ते तपासायचं. हे सगळं सोडून थेट हार्मोनच्या कच्च्या मालाकडे जाणं म्हणजे आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी.

दुसरी पायरी: वाट समजून घ्या

स्टेरॉइड जातीची सगळी हार्मोन्स कोलेस्टेरॉलपासून बनतात. कोलेस्टेरॉल पेशीतल्या मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, शिरतं आणि तिथे त्याचं प्रेग्नेनोलोन होतं. तिथून दोन मोठे फाटे फुटतात. एक प्रोजेस्टेरॉनकडे जातो आणि त्याच्या पुढे कॉर्टिसोल व अल्डोस्टेरॉन आहेत. दुसरा डीएचईएकडे जातो. डीएचईएचं अँड्रोस्टेनडायोन होतं, त्याचं टेस्टोस्टेरॉन. टेस्टोस्टेरॉनला पुन्हा दोन वाटा आहेत. अरोमॅटेज नावाचं एन्झाइम त्याचं इस्ट्रोजेन करतं आणि ५-अल्फा रिडक्टेज त्याचं डीएचटी करतं. डीएचटी म्हणजे टक्कल, मुरमं आणि प्रोस्टेटच्या वाढीशी संबंध असलेलं जोरकस पुरुषी हार्मोन. अँड्रोस्टेनडायोनपासून अरोमॅटेज थेटही इस्ट्रोजेन बनवू शकतं.

कालव्याच्या पाण्यासारखं हे आहे. धरण भरलं म्हणून शेवटच्या शेतात पाणी पोचत नाही, पाटकरी ज्या चारीचं दार उघडेल तिकडे ते जातं. इथले पाटकरी म्हणजे एन्झाइम्स, आणि प्रत्येक अवयवात कोण कामावर आहे हे वेगळं. पोटाच्या चरबीत अरोमॅटेज भरपूर असतं. त्वचेत आणि केसांच्या मुळाशी ५-अल्फा रिडक्टेज असतं. आणि यकृतात आलेल्या डीएचईएला सल्फेट जोडून ते साठवणीच्या रूपात बदलणारं एन्झाइम असतं.

डीएचईए गिळलं की आतड्यातून आधी यकृतात जातं आणि त्याचा मोठा भाग डीएचईए सल्फेट होऊन बाहेर पडतो. मोकळं डीएचईए रक्तातून लवकर नाहीसं होतं, सल्फेट मात्र कित्येक तास टिकतं. म्हणून रक्त तपासणीत डीएचईए-एस मोजतात, आणि म्हणूनच गोळी घेणाऱ्याचा तो आकडा झपकन वर जातो. आकडा वाढला याचा अर्थ फायदा झाला असा होत नाही. त्या सल्फेटचं पुढे टेस्टोस्टेरॉन झालं की इस्ट्रोजेन की काहीच नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

डी३ची वाट अगदी वेगळी. कोवळ्या नव्हे, चांगल्या उन्हातले यूव्हीबी किरण त्वचेतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलवर पडतात आणि डी३ तयार होतं. बंद काचेच्या आड बसून हे होत नाही, काच ते किरण अडवते. डी३चं यकृतात २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी होतं आणि मूत्रपिंडात कॅल्सिट्रायॉल. कॅल्सिट्रायॉल हे खरं हार्मोन. शेवटचं दार उघडायचं की नाही हे पॅराथायरॉइड हार्मोन, कॅल्शियम आणि फॉस्फेट बघून ठरतं. ही ताब्यात असलेली वाट आहे. डीएचईएच्या वाटेवर असा कडक पहारा नाही. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एसीटीएच नावाच्या हार्मोनमार्फत मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीला डीएचईए बनवायला लावते खरी, पण बाहेरून जास्त डीएचईए आलं तर ‘पुरे’ म्हणणारी तशी यंत्रणा शरीरात नाही.

तिसरी पायरी: एकेका गोळीकडे बघा

व्हिटॅमिन डी३. पूर्वद्रव्यांमध्ये सर्वांत जास्त घेतलं जाणारं आणि नीट घेतलं तर सर्वांत उपयोगी. साठ हजार युनिट म्हणजे १,५०० मायक्रोग्रॅम, कारण ४० युनिटचा एक मायक्रोग्रॅम. आता मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाला लिहिलेली कॅल्सिट्रायॉलची कॅप्सूल बघा. ती ०.२५ मायक्रोग्रॅमची असते. एवढा फरक का? डी३ कच्चा माल आहे, तो चरबीत साठतो आणि शरीर हवं तेवढंच पुढे सोडतं. कॅल्सिट्रायॉल मात्र शेवटचं दार ओलांडून आलेलं तयार हार्मोन आहे. मूत्रपिंडाच्या रुग्णाचं ते दारच बंद पडलेलं असतं, म्हणून त्याला तयार मालच द्यावा लागतो. घरातल्या धडधाकट माणसाने ‘हे जास्त ॲक्टिव्ह आहे’ म्हणून ते घेतलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून बसेल.

डी३तही धोका आहे, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा चिठ्ठी चुकीची वाचल्याने होतो. आठवड्यातून एकदा घ्यायचं पाकीट रोज घेतलं गेलं, किंवा आठ आठवड्यांचा कोर्स संपल्यावरही वर्षभर चालूच राहिला, की मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, वयस्करांमध्ये बावचळल्यासारखं वागणं ही लक्षणं दिसू लागतात. यामागे वाढलेलं कॅल्शियम असतं आणि ते मूत्रपिंडाला इजा करतं. भारतातल्या २०२०च्या आयसीएमआर शिफारशीनुसार मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट आणि वरची मर्यादा ४,००० युनिट आहे. पाकीट हे कमतरता भरून काढायचं औषध आहे, रोजचा आहार नव्हे. आजीआजोबांचा डबा भरणाऱ्या नातवंडांनी पाकिटावर पेनाने वार लिहून ठेवावा. इतका साधा उपाय बरंच काही टाळतो. डी३ चरबीत विरघळतं, त्यामुळे रिकाम्या पोटी घेण्यापेक्षा जेवणानंतर घेतलेलं बरं. क्षयाच्या औषधातलं रिफाम्पिसिन आणि फिट्सच्या गोळ्यांतलं फेनिटॉइन व्हिटॅमिन डी लवकर मोडून टाकतात. अशा रुग्णाचा डोस डॉक्टर वेगळा ठरवतात.

डीएचईए. हिच्याबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त दावे हिच्याभोवती आहेत. ॲड्रिनल ग्रंथीच्या बाहेरच्या आवरणाला (कॉर्टेक्सला) तीन थर असतात, त्यातल्या सर्वांत आतल्या थरात हे बनतं. विशीत सर्वाधिक असतं आणि सत्तरीपर्यंत त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतं. या घसरणीवरूनच ‘तारुण्याचं हार्मोन’ ही जाहिरात जन्मली. अमेरिकेत १९९४च्या आहारपूरक कायद्यानंतर ते किराणा दुकानात खुलेआम मिळू लागलं.

५० मिलिग्रॅमची एक गोळी घेऊ. पुरुषाच्या शरीरात रोज साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होतं, बाईच्या शरीरात साधारण पाव मिलिग्रॅम. समजण्यापुरतं धरू की गोळीतल्या फक्त एक टक्क्याचं टेस्टोस्टेरॉन झालं. म्हणजे अर्धा मिलिग्रॅम. बाईच्या शरीराच्या दृष्टीने ते रोजच्या तिच्या उत्पादनाच्या दुप्पट झालं. पुरुषाच्या दृष्टीने फार तर दहावा हिस्सा. एकच गोळी, पण तिच्या हनुवटीवर केस येऊ शकतात आणि त्याला काही जाणवतही नाही. चाचण्यांमध्ये नेमकं हेच दिसलं आहे. ५० मिलिग्रॅमने बायकांमधली पुरुषी हार्मोन्स सरळ वर जातात, वयस्कर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन जेमतेम हलतं आणि काहींचं इस्ट्रोजेन वाढतं. पोटावर चरबी असलेल्या पुरुषाने ‘मर्दानी ताकदी’साठी डीएचईए घेतलं, तर त्याच्या चरबीतलं अरोमॅटेज ते उलट दिशेला नेण्याची शक्यता जास्त.

फायदा कुठे आहे? तीन जागा सांगतो. पहिली, ॲड्रिनल ग्रंथी काम करत नसलेल्या बायका. १९९९ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी अशा बायकांना चार महिने रोज ५० मिलिग्रॅम दिलं आणि त्यांची मनःस्थिती व लैंगिक इच्छा सुधारल्याचं दाखवलं. त्यांच्या शरीरात डीएचईए जवळजवळ नव्हतंच, म्हणून भरपाईचा अर्थ होता. दुसरी, रजोनिवृत्तीनंतर योनिमार्ग कोरडा पडून संबंधाच्या वेळी दुखणं. यासाठी ६.५ मिलिग्रॅमची योनीत ठेवायची गोळी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली मंजूर केली. तिथल्याच पेशी तिचं हार्मोन करतात आणि रक्तातली पातळी फारशी वाढत नाही. तोंडाने घेतलेल्या ५० मिलिग्रॅमपेक्षा जागेवर ठेवलेले ६.५ मिलिग्रॅम या त्रासावर जास्त नेमके बसतात, आणि मिलिग्रॅमवरून तुलना करू नये याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

तिसरी जागा वादाची आहे: आयव्हीएफमध्ये अंड्यांचा साठा कमी असलेल्या बायका. आपल्याकडे अनेक केंद्रं रोज २५ मिलिग्रॅम तीन वेळा असं काही महिने देतात. वाढणाऱ्या अंड्याभोवतीच्या पेशींना थोडं पुरुषी हार्मोन मदत करतं, असा त्यामागचा विचार. पुरावा मात्र कच्चा आहे. काही छोट्या चाचण्या आशादायक होत्या, काटेकोर चाचण्या वेगळ्या केल्या तर तो फायदा अंधूक होतो, आणि युरोपातल्या प्रजननतज्ज्ञांच्या संस्थेने सरसकट वापराची शिफारस केलेली नाही. तुम्हाला ही गोळी लिहून दिली असेल तर डॉक्टरांना दोन प्रश्न जरूर विचारा: माझं टेस्टोस्टेरॉन आधी मोजलंय का, आणि किती आठवड्यांनी थांबायचं? पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या बाईला हेच औषध उलटं पडतं, कारण तिच्याकडे पुरुषी हार्मोन आधीच जास्त असतं. पाळीच्या गडबडीवर मैत्रिणीची चिठ्ठी वापरणं म्हणूनच धोक्याचं.

राहिला ‘म्हातारपण लांबवण्याचा’ दावा. २००६ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी वयस्कर पुरुषांना ७५ आणि बायकांना ५० मिलिग्रॅम डीएचईए दोन वर्षं दिलं. स्नायूंची ताकद, शरीराची ठेवण, इन्सुलिनचं काम, जगण्याची गुणवत्ता यांत लक्षात घेण्याजोगी सुधारणा झाली नाही. रक्तातला आकडा तरुणांसारखा झाला होता, शरीर नाही. धडधाकट ज्येष्ठांनी या गोळीवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रेग्नेनोलोन. ‘सगळ्या हार्मोन्सची आई’ म्हणून विकलं जातं. वाटेच्या अगदी सुरुवातीला आहे हे खरं, पण म्हणूनच त्याचं काय होईल हे सांगणं सर्वांत अवघड. गोळीतलं बरंचसं प्रेग्नेनोलोन यकृतात आणि मेंदूत ॲलोप्रेग्नॅनोलोनकडे जातं. हे मेंदू शांत करणारं रसायन. यावरूनच बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी शिरेतून द्यायचं औषध २०१९ साली अमेरिकेत मंजूर झालं, तेही रुग्णालयात सतत देखरेखीखाली. म्हणजे प्रेग्नेनोलोनची गोळी घेऊन गुंगी येऊ शकते. झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर ती आणखी वाढेल.

याच गोळीबरोबर एक कथा विकली जाते: ताण वाढला की शरीर सगळं प्रेग्नेनोलोन कॉर्टिसोलकडे ‘चोरून नेतं’, म्हणून लैंगिक हार्मोन्स कमी पडतात, म्हणून वरून प्रेग्नेनोलोन घाला. ऐकायला पटतं, पण शरीररचनेला धरून नाही. कॉर्टिसोल ॲड्रिनलच्या कॉर्टेक्समधल्या मधल्या थरात बनतं, डीएचईए आतल्या थरात, टेस्टोस्टेरॉन वृषणात, प्रोजेस्टेरॉन अंडाशयात. प्रत्येक ठिकाणची पेशी आपल्याला लागणारं प्रेग्नेनोलोन आपल्याच मायटोकाँड्रियात बनवते. सगळ्यांचा मिळून एक हौद नाही, तेव्हा त्यातून कोणी चोरण्याचा प्रश्नच येत नाही. ताणामुळे लैंगिक हार्मोन्स कमी होतात हे खरं आहे, पण ते मेंदूकडून येणारा हुकूम मंदावल्यामुळे. त्यावर कच्चा माल ओतून उपयोग नाही.

अँड्रोस्टेनडायोन. टेस्टोस्टेरॉनच्या एकच पायरी अलीकडचं. १९९८ साली अमेरिकेतल्या बेसबॉलपटू मार्क मॅकग्वायरने एका हंगामात ७० होम रन मारून विक्रम केला आणि तो ही गोळी घेतो हे बाहेर आलं. दुकानांतला खप भडकला. पुढच्याच वर्षी आयोवाच्या संशोधकांनी तरुण पुरुषांना वजन उचलण्याच्या व्यायामाबरोबर आठ आठवड्यांच्या काळात रोज ३०० मिलिग्रॅम दिलं. टेस्टोस्टेरॉन वाढलं नाही, ताकदीत फरक पडला नाही, इस्ट्रोजेन वाढलं आणि चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल घटलं. एका पायरीचं अंतर, तरी माल दुसऱ्याच चारीने गेला. २००४च्या कायद्याने अमेरिकेत ते बंदी असलेल्या स्टेरॉइडच्या यादीत गेलं, डीएचईए मात्र त्या यादीबाहेर राहिलं. आजही ‘प्रोहार्मोन’ नावाने वेगवेगळे भाऊबंद विकले जातात. त्यांना हात लावू नका, एवढंच पुरे.

७-किटो डीएचईए. डीएचईएपासून बनतं पण पुन्हा मागे फिरत नाही, त्यामुळे टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन होत नाही. वजन कमी करण्यासाठी विकतात. चाचण्या छोट्या, फायदा किरकोळ.

५-एचटीपी आणि ट्रिप्टोफॅन. ही स्टेरॉइडची वाट नाही. ट्रिप्टोफॅनपासून ५-एचटीपी, त्यापासून सेरोटोनिन, आणि अंधार पडल्यावर पीनियल ग्रंथीत त्याचं मेलाटोनिन. पहिल्या पायरीवरचं एन्झाइम सावकाश काम करतं आणि शरीराचा ताबा तिथेच असतो. ५-एचटीपी ते दार टाळून थेट पुढे येतं. दूध आणि हरभऱ्याच्या डाळीतलं ट्रिप्टोफॅन आणि कॅप्सूलमधलं ५-एचटीपी यांत हा मोठा फरक आहे. बरंचसं ५-एचटीपी आतड्यातच सेरोटोनिन होतं, ते मेंदूत जाऊ शकत नाही, पण मळमळ मात्र देतं. नैराश्यासाठी एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन यांसारखी गोळी किंवा दुखण्यासाठी ट्रामाडॉल चालू असेल तर ५-एचटीपी अजिबात घेऊ नका. सेरोटोनिन जास्त झालं की थरथर, घाम, ताप, गोंधळ असा प्रकार होतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

वाइल्ड याम, मेथी, गोखरू. रानकंदात आणि आपल्या मेथीतही डायोस्जेनिन नावाचं द्रव्य असतं. १९४०च्या दशकात रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने मेक्सिकोतल्या कंदांतल्या डायोस्जेनिनपासून प्रोजेस्टेरॉन बनवण्याची पद्धत शोधली आणि १९४४ साली मेक्सिको सिटीत सिंटेक्स ही कंपनी उभी राहिली. गर्भनिरोधक गोळ्यांचा उद्योग त्या कंदांवर वाढला. म्हणून वाइल्ड यामच्या क्रीमवर ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ लिहिणं सोपं जातं. पण मार्करची पद्धत म्हणजे ॲसेटिक ॲनहायड्राइडबरोबर सुमारे २०० अंशांना तापवणं आणि मग क्रोमिक ॲसिडची प्रक्रिया. आपल्या शरीरात हे काम करणारं एन्झाइमच नाही. डायोस्जेनिन पोटात गेलं काय आणि त्वचेवर चोळलं काय, त्याचं प्रोजेस्टेरॉन किंवा डीएचईए होत नाही. मेथीचे लाडू खुशाल खा, बाळंतिणीला द्या, पण हार्मोनच्या हिशेबात ते धरू नका. गोखरू स्नायूंसाठी विकतात, पण नीट केलेल्या चाचण्यांत धडधाकट पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन त्याने वाढलेलं नाही. आपल्या बोरिवलीवरून जिचं शास्त्रीय नाव पडलं ती सफेद मुसळीही पूर्वद्रव्य नव्हे.

चौथी पायरी: सुरू करण्याआधी रक्त

डी३साठी २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी मोजा, कॅल्सिट्रायॉल नव्हे. कमतरता असतानाही कॅल्सिट्रायॉल सामान्य किंवा जास्त दिसू शकतं, कारण शरीर उरलासुरला माल घाईने पुढे ढकलत असतं. बरेच पॅथॉलॉजीवाले ३०च्या (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) खाली लाल खूण करतात. पण अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने बहुतेकांना २० पुरेसे मानले आहेत, आणि ३०चा आग्रह धरणाऱ्या एंडोक्राइन सोसायटी या हार्मोनतज्ज्ञांच्या संस्थेनेही २०२४ साली तो सोडला. रिपोर्टमध्ये २६ आलं म्हणून घाबरून पाकिटांचा कोर्स लावण्याची गरज नसते.

डीएचईएचा विचार असेल तर डीएचईए-एस, एकूण टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी (लैंगिक हार्मोन रक्तात वाहून नेणारं प्रथिन), इस्ट्राडायोल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि लिपिड प्रोफाइल करून घ्या. टेस्टोस्टेरॉनचं रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान उपाशीपोटी द्यावं, आणि पुरुषाचं कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. संध्याकाळच्या नमुन्यावरून निदान करू नये. डीएचईए-एस दिवसभरात फारसं बदलत नाही. ते मात्र वयानुसार बघायचं. साठीच्या बाईचा आकडा विशीच्या रकान्यात धरला तर तो कमीच दिसणार.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस थांबवा आणि लॅबला सांगा. बायोटिनमुळे कित्येक हार्मोन तपासण्यांचे आकडे खोटे वर किंवा खाली येतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली यावर इशाराच दिला होता.

पाचवी पायरी: डबा हातात घेऊन वाचा

मागची बाजू वाचा. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ लिहून एकत्र वजन दिलं असेल तर डबा परत ठेवा. कोणतं द्रव्य किती आहे हे कळल्याशिवाय तुलना होऊच शकत नाही. ‘प्रास्टेरोन’ आणि ‘डीहायड्रोएपिअँड्रोस्टेरॉन’ ही डीएचईएचीच नावं आहेत. घटकांच्या यादीत ती बारीक अक्षरांत लपलेली असतात. भारतात एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६च्या नियमांप्रमाणे न्यूट्रास्युटिकल म्हणून विकायच्या मालात हार्मोन किंवा स्टेरॉइड घालता येत नाही. तेव्हा प्रथिनाच्या डब्यावर एफएसएसएआयचा क्रमांक आणि घटकांत डीएचईए असं दोन्ही दिसलं, तर तो माल घ्यायचा नाही. औषध म्हणून घ्यायचं असेल तर केमिस्टकडून, चिठ्ठीवर, बॅच नंबर आणि बिलासह.

खेळाडूंनी हे दोनदा वाचावं. डीएचईए, ७-किटो आणि अँड्रोस्टेनडायोन तिन्ही वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत, स्पर्धेतही आणि स्पर्धेबाहेरही. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचं सुवर्ण जिंकलेला लाशॉन मेरिट पुढे डीएचईएसाठी दोषी आढळला. दुकानातून विकत घेतलेल्या लैंगिक ताकदीच्या गोळीतून ते आलं होतं, आणि त्याला २१ महिने बाहेर बसावं लागलं. कोल्हापूरच्या तालमीतला पैलवान असो की कबड्डीतला चढाईपटू, ‘मला माहीत नव्हतं’ हे उत्तर तिथे चालत नाही.

सहावी पायरी: कोणी लांब राहायचं

स्तन, गर्भाशय, अंडाशय किंवा प्रोस्टेटचा कर्करोग झालेल्यांनी डीएचईए, प्रेग्नेनोलोन यांपैकी काहीही स्वतःहून घेऊ नये. टॅमॉक्सिफेन, लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल या गोळ्या इस्ट्रोजेनला रोखण्यासाठी असतात, त्यावर डीएचईए घेणं म्हणजे एका हाताने दार लावून दुसऱ्या हाताने उघडणं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठरा वर्षांखालची मुलं, पीसीओएस, यकृताचा आजार, बायपोलर विकार यांनाही ते वर्ज्य. किडनीत खडे होण्याची सवय असेल किंवा सार्कॉइडोसिस (अवयवांत सुजेच्या गाठी येणारा आजार) असेल, तर डी३चे मोठे डोस तपासणीशिवाय नकोत.

सातवी पायरी: सुरू केल्यानंतर

डॉक्टरांनी सुरू केलं असेल तर एका वेळी एकच गोष्ट बदला. डीएचईएबरोबर अश्वगंधा, झिंक आणि नवीन प्रोटीन असं सगळं एकदम चालू केलं तर काय लागू पडलं आणि काय बाधलं हे कोणालाच सांगता येणार नाही. डीएचईए शरीरात सकाळी जास्त असतं, म्हणून गोळीही सकाळीच. बायकांना बहुतेकदा १० ते २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करतात.

वहीत तारीख टाकून लक्षणं लिहा. बायकांनी त्वचा तेलकट होणं, मुरमं, हनुवटीवरचे केस, डोक्यावरचे केस विरळ होणं आणि आवाज यांवर नजर ठेवावी. आवाज घोगरा वाटू लागला तर त्याच दिवशी गोळी बंद करून डॉक्टरांना फोन करा. बाकीचे बदल ओसरतात, आवाजातला बदल कायमचा राहू शकतो. पुरुषांनी छातीत दुखरी गाठ, पायावर सूज, लघवीला अडथळा याकडे बघावं.

सहा ते आठ आठवड्यांनी तीच तपासणी, त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला करा. या वेळी डीएचईए-एसकडे कमी आणि टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायोल, एचडीएलकडे जास्त बघा, कारण माल कुठल्या चारीने गेला हे तेच सांगतात. डी३ मात्र सावकाश बदलतं, २५-हायड्रॉक्सीची पातळी स्थिरावायला तीन महिने लागतात, म्हणून महिन्याभरात पुन्हा तपासून पैसे घालवू नका. मोठे डोस चालले असतील तर सोबत कॅल्शियम आणि मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिनही बघून घ्या. आणि पहिल्या पायरीवर लिहिलेलं ते वाक्य पुन्हा काढून वाचा. तीन महिन्यांनंतरही त्या तक्रारीत फरक नसेल, तर रक्तातला आकडा कितीही सुधारलेला असो, पुढची बाटली मागवू नका. तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दुसरं कारण शोधायला सांगा.